सिल्लेवानीच्या घाटात अडकलेला ट्रेलर: मोठी गाडी घेण्याआधीचं आणि नंतरचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका नागपूरकर जोडप्याचं आहे. नावं दिलेली नाहीत, पेशा आणि काही खुणा बदलल्या आहेत. त्यांना मी इथे भाऊ आणि वहिनी म्हणतो, प्रत्यक्षातही तसंच म्हणतो. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो, म्हणून भाऊ मला ‘मास्तर’ म्हणतात. लिहिताना गाड्यांची नावं जिथे कुणाच्या तक्रारीशी जोडली जातील तिथे गाळली आहेत. आकडे मात्र खरेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळं आकड्यांतच अडलं होतं.

पार्श्वभूमी

भाऊ वीज खात्यातून निवृत्त झाले. पेन्शन बरी, मुलगी पुण्याला, दोन नातवंडं सुटीत येणारी. नोकरीत असताना ते लाइनच्या कामासाठी जंगलाकाठच्या गावांत खूप फिरले, पण ते सरकारी जीपमधून आणि डोक्याला ताप घेऊन. निवृत्तीनंतर त्याच जागा वहिनींना दाखवायच्या होत्या. पेंचचं सिल्लारी गेट, तोतलाडोहचा परिसर, मेळघाटातलं सेमाडोह, छिंदवाड्याकडचं तामिया, पचमढी. रिसॉर्टांचे भाव पाहून वहिनी म्हणाल्या, “चार रात्री झोपायचे एवढे पैसे? त्यापेक्षा आपली खोलीच सोबत नेली तर?”

ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. २०२१मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून पेपरात अशा गाड्यांचे फोटो येत होते. पण तयार कॅराव्हॅन, म्हणजे मागे घर बांधलेली मोठी गाडी, त्यांच्या आवाक्याबाहेर होती. ओढून न्यायचा ट्रेलर मात्र मिळाला. पुण्याकडच्या एका गृहस्थाने विकायला काढलेला, एका ॲक्सलचा (म्हणजे चाकं जोडणारा आडवा दांडा एकच), दोन चाकांचा. कागद व्यवस्थित होते. ट्रेलर हे आपल्या कायद्यात वेगळं वाहन धरलं जातं. त्याला स्वतःची नोंदणी लागते, विमा लागतो. आरसीवर रिकाम्या ट्रेलरचं वजन लिहिलं होतं ७२० किलो. भाऊंनी तो कागद मला अभिमानाने दाखवला होता. “पाहा मास्तर, सव्वासातशेच्या आत.”

आधीच्या मालकाने आरसी झाल्यानंतर आत प्लायवूडची कपाटं, दोन मजली बिछाना आणि मागच्या बाजूला ओटा करून घेतला होता. भाऊंनी त्यात भर घातली. १२० लिटरची पाण्याची टाकी, घरच्या इन्व्हर्टरसारखी १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, घरगुती गॅसचा सिलिंडर, आणि नागपूरकर म्हटल्यावर कूलर. होय, लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या पडद्यांचा कूलर. नोव्हेंबरच्या सहलीला. मी हसलो, तेव्हा ते म्हणाले, “उन्हाळ्यात लागेल ना मास्तर, तेव्हा कुठे चढवत बसू?”

ओढायला होती घरची गाडी. दीड लिटर डिझेल इंजिन, शंभर अश्वशक्ती, २४० न्यूटन-मीटर टॉर्क, पुढच्या चाकांना जोर देणारी, रिकामं वजन साधारण १,२५० किलो. शहरात आणि हायवेला उत्तम गाडी. कामठी रोडच्या एका वर्कशॉपने तिच्या मागे टो हूक बसवून दिला. निघण्याआधी भाऊंनी मला तो दाखवला. मी वाकून वेल्डिंग पाहिलं, बोल्ट पाहिले, म्हणालो, “चांगलं बसवलंय.” ट्रेलर किती किलोचा आहे हे मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं पोरांना ‘आधी मोजा, मग पाना लावा’ असं शिकवणाऱ्या माणसाने.

अडचण

पहिली सहल पचमढीची ठरली होती. नागपूर, सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, मग तामियाकडून पुढे. गाडीत चौघं, भाऊ, वहिनी, त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको.

सावनेर ओलांडून चौपदरी रस्त्यावर भाऊंनी ऐंशीचा वेग धरला. शेजारून एक ट्रॅव्हल्सची बस जोरात निघून गेली आणि ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडे झुलू लागला. दोन-तीन हेलकावे बसले, गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला गेला. भाऊंनी पाय काढला, तेव्हा तो शांत झाला. वाऱ्यामुळे झालं, असं गाडीत ठरलं. जामसावळीला मारुतीचं दर्शन झालं. सौंसरच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री स्वस्त दिसली म्हणून दोन क्रेट घेतले आणि ट्रेलरच्या मागच्या दारातून ओट्याखाली सरकवले.

घाटात पुढे लोखंडाने भरलेला ट्रक होता. त्याच्यामागे वीसच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन दबू लागलं. भाऊ क्लच अर्धा दाबून इंजिनाला वर ठेवत होते. थोड्याच वेळात जळका वास आला. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकून लाल पट्टीच्या अलीकडे गेला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, वहिनींनी हीटर लावायला सांगितलं (हे त्यांना त्यांच्या भावाने कधीतरी शिकवलं होतं आणि ते बरोबर आहे, हीटर म्हणजे एक जास्तीचा छोटा रेडिएटरच). एका वळणावर थांबून पुन्हा निघताना पुढची चाकं खडीवर घसरली. मागे लागलेली रांग हॉर्न वाजवत होती. छिंदवाड्याला पोहोचायला अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी पचमढी रद्द करून परत फिरायचं ठरलं. खरी भीती वाटली ती उतारावर. तिसऱ्या गिअरमध्ये, जवळपास सतत ब्रेकवर पाय ठेवून भाऊ उतरत होते. अर्धा घाट उतरल्यावर पेडल खोल जाऊ लागलं, स्पंजासारखं मऊ. भाऊंनी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेकने गाडी कशीबशी कडेला घेतली. चाकांच्या आतून धूर येत होता. तिथे पाऊण तास थांबून ते निघाले आणि बाकीचा घाट पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने उतरले. वहिनी सांगतात की त्या पाऊण तासात कुणी एक शब्द बोललं नाही, चौघांनी मिळून संत्री खाल्ली.

नागपूरला आल्यावर भाऊंचा निष्कर्ष तयार होता: गाडीत दम नाही, मोठी गाडी घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे चार माहितीपत्रकं घेऊन आले. “१७५ अश्वशक्तीची घेऊ की २००ची?”

पहिला निर्णय: गाडी नंतर, काटा आधी

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी त्यांना ट्रेलर जसा होता तसा, टाकी भरलेली, सामान आतच, घेऊन यायला सांगितलं. आम्ही कळमन्याला धरमकाट्यावर, म्हणजे अख्खा ट्रक तोलायच्या काट्यावर गेलो. गाडी आणि ट्रेलर एकत्र, मग नुसती गाडी, मग गाडीपासून सोडवून नुसता ट्रेलर, अशा तीन पावत्या घेतल्या. तिन्हींचा खर्च सौंसरच्या एका क्रेटपेक्षा कमी.

ट्रेलर भरला १,१८० किलो.

भाऊ काटेवाल्याशी वाद घालू लागले. काटेवाला शांतपणे म्हणाला, “साहेब, मेरा काटा संत्रे भी तौलता है, लोहा भी.” पुन्हा मोजलं, तेवढंच.

मग ट्रेलरचा पुढचा जोड, जो गाडीच्या टो बॉलवर बसतो, तो त्याच उंचीला लाकडी ठोकळ्यावर टेकवून खाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. तिथे पडत होतं ३५ किलो, म्हणजे एकूण वजनाच्या तीन टक्के. असा एका ॲक्सलचा ट्रेलर स्थिर राहायला जोडावर युरोपात साधारण पाच ते सात टक्के आणि अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के वजन असावं असं धरतात. तीन टक्के म्हणजे ट्रेलर मागे जड आहे आणि थोडं निमित्त मिळालं की झुलणार. टाकी, बॅटरी, ओटा, सिलिंडर, सगळं ॲक्सलच्या मागे होतं. त्यात संत्र्यांचे दोन क्रेटही शेवटच्या टोकाला. सावनेरजवळ बस फक्त निमित्त झाली होती.

टायर पाहिले. १५५/८० आर १३, भार निर्देशांक ७९. बाजूच्या भिंतीवरच्या या दोन आकडी खुणेचा अर्थ फार कमी लोक पाहतात. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, दोघांना मिळून ८७४. त्यांच्यावर प्रत्यक्ष भार होता १,१४५. पावणेतीनशे किलो जास्त. टायर बनल्याची खूण होती २३१७, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. घाटात टायर फुटला नाही हे नशीब.

आणि ट्रेलरला ब्रेकच नव्हते. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आधीच्या मालकाने ७२० किलोच्या कागदावर हलकं ॲक्सल लावून घेतलं होतं, ते त्या वजनाला चाललंही असतं.

ताकदीचा हिशोब

भाऊंना ‘दम नाही’ यावर विश्वास होता, म्हणून आम्ही वहीवर हिशोब केला. गाडी १,२५०, माणसं आणि सामान ३००, ट्रेलर १,१८०. एकूण २,७३० किलो. शंभर मीटरला सात मीटर असा चढ धरला, तर वजन वर ओढायला साधारण १,८७५ न्यूटन आणि चाकांच्या घर्षणाला सुमारे ४०० न्यूटन जोर लागतो. ताशी ४०च्या वेगाला हे होतात सुमारे २५ किलोवॅट, म्हणजे ३४ अश्वशक्ती. ताशी ६०ला हवेचा अडथळा धरून ६०च्या वर.

“मग शंभर होती ना गाडीत?” भाऊ म्हणाले.

होती, पण शंभर अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असताना. दोन हजार फेऱ्यांना तेच इंजिन ६५-६७ देतं. आणि ट्रकमागे अडकून ते चौदाशेवर आलं, की टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा भरणारा पंखा, जवळजवळ झोपलेला असतो, तेव्हा हाती राहते त्याच्या निम्मी. म्हणजे चाळीसच्या वेगाने सलग चढायला गाडी पुरेशी होती, अडखळत चढायला नव्हती. क्लच जळाला तो याच फटीत. पुढच्या चाकांची घसरण वेगळी: चढावर भार मागे सरकतो, जोडावरचं वजनही मागेच पडतं, आणि ज्या चाकांना जोर आहे ती हलकी होतात.

उतरणीचा हिशोब भाऊंना माझ्याआधी कळला. २,७३० किलो दोनशे मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे ५३ लाख जूल. “म्हणजे दीड युनिट,” ते लगेच म्हणाले. ही दीड युनिट वीज आठ मिनिटांत चार ब्रेक डिस्क-ड्रममध्ये उष्णता होऊन गेली, थोडा भाग चाकांच्या घर्षणाने आणि इंजिनाने घेतला तो सोडून. दोन किलोवॅटचे साडेपाच गीझर आठ मिनिटं चालू ठेवल्यासारखं. त्यातला त्रेचाळीस टक्के भाग ट्रेलरचा, ज्याला स्वतःचा एकही ब्रेक नाही.

ब्रेक ऑइल मी बाटलीत काढून पाहिलं, चहासारखं झालं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खोल जातं. नागपूरचे चार-पाच पावसाळे आणि एकदाही न बदललेलं ऑइल. ही चूक शोरूमची नाही, भाऊंची.

भाऊ बराच वेळ वहीकडे पाहत होते. मग म्हणाले, “म्हणजे गाडी नको घेऊ?”

पर्याय

पाच वाटा समोर होत्या. त्या सगळ्यांवर सारखा वेळ गेला नाही.

ट्रेलर विकून टाकणं वहिनींना पहिले पंधरा दिवस हवं होतं. आर्थिकदृष्ट्या हेच शहाणपणाचं होतं, तोटा काही हजारांत आटोपला असता. भाऊंनी ते ऐकूनच घेतलं नाही.

जुनीच गाडी ठेवायची आणि ट्रेलर ७५०च्या आत आणायचा, हा माझा आवडता पर्याय. नवशिक्यांसाठी ब्रिटनमध्ये एक ढोबळ नियम सांगतात, की ट्रेलरचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. इथे ते ९४ टक्के होतं. ७५०ला ते साठवर आलं असतं. पण बिछाने, ओटा, टाकी सगळं काढलं तर उरतो तो तंबू, असं वहिनींचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं होतं. ब्रेक लावायचे म्हटल्यावर थोडं वजन पुन्हा वाढणार. सपाटीवर पेंचपर्यंत हा पर्याय चालला असता. घाटासाठी मीही छातीठोक सांगू शकत नव्हतो.

तिसरा, जुनी मोठी एसयूव्ही. भाऊंना कुणीतरी ३.२ लिटरची, २०० अश्वशक्ती आणि ४७० न्यूटन-मीटरची फोर्ड एंडेव्हर दाखवली. लॅडर फ्रेम, म्हणजे ट्रकसारखी खाली स्वतंत्र लोखंडी चौकट, जड, ओढायला घडलेली. भाव मोहात पाडणारा. पण फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सुटे भाग मिळतात, तरी जंगलाकाठी जाणाऱ्या सत्तरीकडच्या माणसाने एखाद्या सेन्सरसाठी आठवडा थांबायचं का, हा प्रश्न होता. हा पर्याय आम्ही चारदा नाकारला आणि तीनदा पुन्हा उघडला.

चौथा, डबल कॅब पिकअप, इसुझूच्या व्ही-क्रॉससारखा. वहिनींनी मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि उतरल्या. नातवंडांना तिथे बसवायचं म्हटल्यावर तो पर्याय तिथेच संपला.

पाचवा, नवी लॅडर फ्रेमची डिझेल एसयूव्ही. मागच्या चाकांना जोर, २.२ लिटर, १७५ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकमध्ये ४०० न्यूटन-मीटर, वजन १,९००च्या पुढे. ऑन रोड वीस लाखांच्या वर. भाऊंची नजर पहिल्या दिवसापासून याच गाडीवर होती, हे इथे लिहायला हवं. त्यांची हरकत नसेल.

दुसरा निर्णय: कागदावर नसलेला आकडा

शोरूममधला मुलगा म्हणाला, “सर, दोन टन आरामात ओढते.” मी म्हणालो, लिहून द्या. तो हसला. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केली, उत्तर आलं की मालकाच्या पुस्तिकेप्रमाणे वापर करावा. पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडाच नव्हता. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत हेच होतं. त्याच इंजिनाची गाडी परदेशात काय ओढते याचे आकडे इंटरनेटवर सापडतात आणि लोक ते इथे लावतात. तिकडच्या गाडीचा कूलिंगचा संच, हूकची जागा, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर वेगळा असू शकतो, हे कुणी पाहत नाही.

इथे भाऊंनी ठरवलं ते मला आवडलं. कंपनी आकडा देत नाही, तर आपण आपला आकडा ठरवू, आणि तो गाडीच्या रिकाम्या वजनाच्या साधारण निम्मा असेल. म्हणजे ट्रेलर हजार किलोच्या आत, काहीही झालं तरी. म्हणजे मोठी गाडी घेऊनही ट्रेलर हलका करायचाच. अश्वशक्तीचा प्रश्न इथे संपला. वहिनींनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊजी, खरं सांगा, गाडी लागणारच होती का?” मी म्हणालो, घाटात जायचं असेल तर हो, पण ती यादीत तिसरी आहे. वजन आणि ब्रेक आधी.

विमावाल्यालाही भेटलो. गाडी आणि ट्रेलर, दोघांच्या पॉलिसी वेगळ्या, आणि गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढण्याची नोंद लेखी करून घेतली. आरसीवर ७२० आणि रस्त्यावर १,१८०, अशा स्थितीत अपघात झाला असता तर सर्व्हेअरने काय विचारलं असतं, याचा विचार पहिल्या सहलीला कुणाच्या मनातही नव्हता.

केलेली कामं

गाडी यायला अडीच महिने लागले. तेवढ्यात ट्रेलर हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे होता. बसच्या बॉडी बांधणारा माणूस, बोलायला कमी, हाताला पक्का. त्याने पहिल्यांदा प्लायवूडची कपाटं उचकटून काढली आणि तराजूवर ठेवली. नुसत्या कपाटांचे ९० किलो. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची चौकट आणि कापडी कप्पे. वरचा बिछाना गेला, नातवंडं तंबूत झोपतील असं ठरलं आणि त्यांना ते जास्त आवडलं. टाकी ६० लिटरची, ॲक्सलच्या किंचित पुढे. ट्यूब्युलर बॅटरी घरी परतली, तिच्या जागी १०० एएचची लिथियम, बारा-तेरा किलोची. सिलिंडर पाच किलो गॅसचा. कूलर भाऊंनी स्वतःच्या हाताने उतरवला.

नवं ॲक्सल ड्रम ब्रेकचं घेतलं आणि पुढे ओव्हररन कपलिंग. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्यानेच दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नाही, हवा नाही, साधं यंत्र. टायर १८५ आर १४ सी, व्यावसायिक गाड्यांचे, एका टायरला ८५० किलो. सुटून गेला तर ब्रेक ओढणारी साखळी.

नव्या गाडीचा हूक बंपरला नव्हे, चॅसीला बोल्टने बसवला. दिव्यांची वायर नव्या गाडीत कापून जोडायची नसते, कारण आतला संगणक जास्तीचा दिवा पाहून गोंधळतो. त्यासाठी वेगळं मॉड्यूल लावलं. वर्कशॉपचा पोऱ्या कापायला निघालाच होता.

पुन्हा कळमना. ट्रेलर भरलेला ९६० किलो, जोडावर ८० किलो, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडं जास्त. ती पावती वहिनींनी घेऊन गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवली.

सराव बेसा-पिपळ्याकडच्या एका रिकाम्या लेआउटमध्ये, चार रविवार सकाळी. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे भाऊंना कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारी वहिनींनी गाडी मागितली आणि पहिल्याच फेरीत ट्रेलर दोन दगडांच्या मधे उभा केला. तेव्हापासून मागे घेण्याचं काम त्यांचं.

परिणाम

पहिली फेरी सिल्लारीपर्यंत, सपाटीची, वेगाची मर्यादा स्वतःहून सत्तर ठरवलेली. शेजारून ट्रक गेले, ट्रेलर हलला नाही.

मग पुन्हा सिल्लेवानी. मीही सोबत होतो. चढ चाळीस-पंचेचाळीसने, तापमानाचा काटा जिथे होता तिथे. उताराला भाऊंनी गिअर हाताने दुसऱ्यावर ठेवला आणि ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ, घट्ट दाबून सोडला. खाली आल्यावर मी चाकाजवळ हात नेऊन पाहिला. ट्रेलरचा डावा ड्रम उजव्यापेक्षा खूप गरम होता. ब्रेकची दोरी एका बाजूला जास्त ताणली होती. ढाब्यावर पान्याने सारखी केली. हे फॅब्रिकेटरकडे तपासायला हवं होतं, राहून गेलं.

पचमढीचा शेवटचा घाट ट्रेलरसह चढायचा नाही, असं वहिनींनी आधीच ठरवलं होतं. ट्रेलर तामियाला एका ओळखीच्या माणसाच्या वावरात उभा केला आणि वर नुसत्या गाडीने गेलो. तामियालाच फजिती झाली. वावर चढाचं होतं, मागे घेताना ट्रेलर अडला. ओव्हररन ब्रेक म्हणजे मागे ढकललं तरी तो ब्रेकच समजतो. आमच्या कपलिंगला मागे जाताना ब्रेक सुटा ठेवणारी एक खिट्टी होती, ती लावायची असते हे तिघांपैकी कुणालाच आठवलं नाही. अर्धा तास गेला, वावरवाल्याने चहा पाठवला.

ट्रेलरशिवाय लिटरभर डिझेलला बारा-तेरा किलोमीटर देणारी गाडी ट्रेलरसह आठ देते. वर्षभरात सहा सहली झाल्या. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये अपेक्षेपेक्षा कमीला गेली, क्लच नवा टाकूनही.

वेगळं काय करता आलं असतं

भाऊंचं आणि माझं यावर अजूनही एकमत नाही. त्यांचं म्हणणं, गाडी घेतली नसती तर सिल्लेवानीला पुन्हा जायची हिंमतच झाली नसती, आणि हिंमतीचा हिशोब वहीत येत नाही. मला तो मुद्दा नाकारता येत नाही. पण क्रम बदलला असता तर काय झालं असतं, ते मला अजून पाहावंसं वाटतं. ट्रेलर हलका, ब्रेक लावलेला, जुनीच गाडी, पहिलं वर्ष फक्त सपाटीचं. पेंच, बोर, ताडोब्याच्या वाटा. मग ठरवायचं की घाट खरंच हवा आहे का. कदाचित वीस लाख वाचले असते. कदाचित भाऊ दुसऱ्याच वर्षी तीच गाडी घेऊन आले असते.

माझी चूक मात्र स्पष्ट आहे. हूकचं वेल्डिंग पाहताना मी ट्रेलरचं वजन विचारायला हवं होतं, टायरवरचे दोन आकडे वाचायला हवे होते, ब्रेक ऑइलचं झाकण उघडायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. ‘चांगलं बसवलंय’ या माझ्या दोन शब्दांवर चार माणसं घाटात गेली.

विकत घेताना आरसीवरचं वजन खरं मानलं, ही दुसरी जागा. पुण्यातच काट्यावर चढवला असता तर भाव तरी पाडून घेता आला असता.

गेल्या आठवड्यात भाऊ पुन्हा आले. हातात एक कागद, कॅराव्हॅनच्या छतावर बसवायच्या एसीचा. वजन ३५ किलो. “मास्तर, ९६० आणि ३५, होतात ९९५. हजारच्या आतच आहे.” मी म्हणालो, ते वजन छतावर, सर्वांत उंच जागी जाणार. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला विचारून राहिलो. वहिनींनी खणातली पावती काढून टेबलावर ठेवली आहे, आणि रविवारी आम्ही पुन्हा कळमन्याला चाललो आहोत.